सोलापुरात बसून कर्करोगावर संशोधन करायचं तर सुरुवात कुठून?

पीएसएमवाली यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी एमडी पीएसएम, सोलापुरात एका ट्रस्टच्या दवाखान्यात नोकरीला आहे. पीएसएम म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, एमबीबीएसची पोरं ज्या लेक्चरला हमखास दांडी मारतात तो विषय. त्यामुळे दवाखान्यात माझी ओळख 'फॉर्म भरणाऱ्या मॅडम' अशीच आहे. असो.

आमच्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे पेशंट भरपूर. मावा खाणारे यंत्रमागावरचे कामगार, रिक्षावाले, आणि मिश्री लावणाऱ्या बायका. या बायकांत विडी कामगार बऱ्याच. येतात तेव्हा कित्येकांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. खोदून विचारलं की कळतं, फोड येऊन सहा-आठ महिने होऊन गेलेत. मधे मेडिकलवाल्याने मलम दिलं, कुणी दात टोचतोय म्हणून दात काढला, कुणी उष्णता आहे म्हणून सब्जा प्यायला सांगितला. मग बायोप्सी, मग रिपोर्ट, मग महात्मा फुले योजनेची मंजुरी, मग ऑपरेशनची तारीख. हे महिने नेमके कुठे जातात ते मला शोधायचंय. पेशंट उशिरा येतो हे सगळेच म्हणतात. पण उशीर पेशंटचा किती आणि आमचा किती, हे कुणी मोजलेलं मला तरी सोलापुरात दिसत नाही.

साहेबांना विचारलं तर म्हणाले, "रिसर्च मुंबईला करू द्या, आपण पेशंट बघू." त्यांचंही चूक नाही. एका सर्जनवर सगळी ओपीडी. रेकॉर्ड रूमला एकच क्लार्क, जुन्या फाइली सुतळीने बांधून कपाटावर. संख्याशास्त्रज्ञ नाही, संशोधनाला परवानगी देणारी स्वतःची नीती समिती नाही, पैसा तर नाहीच.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मुंबईच्या अभ्यासात सोलापूरचा जो पेशंट दिसतो, तो मुंबईपर्यंत पोचलेला पेशंट असतो. ज्याचं भाडं जमलं नाही, ज्याच्या सोबत जायला कुणी नव्हतं, तो कुठल्याच तक्त्यात नाही. आणि आमच्या ओपीडीत तर तोच जास्त.

तर अनुभवी लोकांनी सांगा: मोठ्या संस्थेचं बोट धरावं की आपल्यापुरतं छोटं करावं? बोट धरलं तर आपण नमुने पाठवणारे हमाल होतो आणि निबंधावर सतरावं नाव मिळतं असं ऐकून आहे. आणि हातात थोडे पैसे आलेच तर आधी कशावर घालावेत? कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, लॅब, की माणूस?

---

पार्कचौकी

राग मानू नका मॅडम, पण इथे रेडिएशनचा नंबर लागायला लोक आठवडेच्या आठवडे थांबतात, आणि तुम्ही कागद रंगवायला निघालात. आधी मशीन आणा, डॉक्टर आणा. संशोधन हे पोट भरलेल्यांचं काम. माझ्या सख्ख्या चुलत्याला त्याचा काय उपयोग झाला असता?

---

परांडा_रोड

पार्कचौकीसाहेब, मशीन पाहिजेच, त्यात वाद नाही. पण कुठे, किती आणि कुणासाठी, हे मंत्रालयात कोण सांगणार? नोंद नसली की मशीन पुण्याला जातं. आकडे तिथले असतात ना.

मॅडम, मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, बार्शी-परांडा पट्ट्यात कर्करोगाच्या नोंदणीसाठी गावोगाव हिंडलेला माणूस. आता गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, म्हणून बसून टाइप करतोय. लांबेल जरा.

तुमच्या साहेबांना एवढंच सांगा, की भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ साली सुरू झाली. मुंबईची नोंदणी तिच्या आधीची, साठच्या दशकातली, पण ती शहराची. शहरात नोंदणीवाला हॉस्पिटलांत जातो, रजिस्टर उतरवून घेतो, झालं काम. इकडे बार्शी, परांडा, भूम मिळून ३४६ गावं, आणि माणूस दवाखान्याचं तोंड बघायच्या आधी घरीच जायचा. उतरवून घ्यायला रजिस्टरच नाही! मग उलटी रीत. आपणच गावात जायचं, आजाराची लक्षणं चावडीवर बसून सांगायची, संशय वाटेल त्याला बार्शीला तपासणीला आणायचं, आणि निदान झालं की नोंद. म्हणजे नोंद करायला आधी निदान घडवून आणावं लागायचं.

गावात गेलं की आधी ग्रामपंचायत, मृत्यूचं रजिस्टर. कारणाच्या रकान्यात 'म्हातारपण', 'पोटदुखी', 'अशक्तपणा'. आता पंचेचाळीस वर्षांची बाई अशक्तपणाने कशी मरेल? तिथे पेन्सिलची खूण करायची आणि घर गाठायचं. घरचे आधी ताकास तूर लागू देत नाहीत. बसायचं, चहा घ्यायचा, मग हळूच विचारायचं: शेवटी अंगावरून जात होतं का, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसलं होतं का, कुठल्या डॉक्टरला दाखवलं, चिठ्ठी आहे का. बऱ्याच वेळाने म्हातारी उठायची आणि पत्र्याच्या पेटीतून, लुगड्याच्या घडीतून एक कागद काढायची. घाम लागून शाई पसरलेली, पण हॉस्पिटलचा शिक्का आणि केसपेपर नंबर वाचता यायचा. मिरजेचा, मुंबईचा, कधी हैदराबादचा. त्या नंबरावर केस उभी राहायची.

बाईमाणसाच्या नावाचा घोळ आणखी वेगळा. माहेरी शकुंतला, सासरी लक्ष्मी, आणि केसपेपरवर आडनाव भावाचं, कारण दवाखान्यात घेऊन तोच आला होता. एकच बाई तीन ठिकाणी तीन नावांनी. तिन्ही मोजल्या तर आकडा फुगतो, तिन्ही गाळल्या तर बाई गेली. म्हणून नवऱ्याचं नाव, बापाचं नाव आणि माहेरचं गाव, तिन्ही घ्यायचंच. वय दुष्काळावरून काढायचं. बहात्तरला खडी फोडायला गेलतीस का? तेव्हा पोरगं कडेवर होतं का पोटात? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सून आली होती का? आता आधार कार्ड आलं म्हणून हे संपलं असं समजू नका. आधारवर निम्मं गाव १ जानेवारीला जन्मलेलं असतं.

आणि दिवाळीनंतर भूम-परांड्याकडे अभ्यासाला जाऊ नये. ऊसतोडीला गाव बाहेर पडतं, तुम्ही कुलपं मोजून परत याल.

या हिंडण्याचा एक परिणाम असा झाला, की लक्षणं कळल्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. १९९५ मध्ये यावर निबंध छापून आला, परदेशी नियतकालिकात. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही.

पुढचं ऐका. गावांशी ही ओळख होती, याद्या होत्या, नकाशे होते, म्हणून १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा तो मोठा अभ्यास होऊ शकला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. कुणाची एचपीव्ही तपासणी (हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्याची), कुणाचा पॅप स्मिअर (पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), कुणाला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायचं, आणि चौथा गट नेहमीसारखा. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधल्या लियाँची आयएआरसी (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) यांनी मिळून केला. गावातल्या तपासणीला बड्या डॉक्टरांची फौज नव्हती, शिकवून तयार केलेल्या नर्सबाई होत्या. निकाल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, नेहमीच्या गटात ६४. गट साधारण सारख्याच आकाराचे. तपासणी कुठली करावी यावर जगात कुठेही बोलणं निघालं की हा अभ्यास निघतोच.

दुसरी गोष्ट लशीची, ती मला जास्त आवडते. २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी मुलींना एचपीव्हीची लस दोन डोस द्यावी की तीन, यावर अभ्यास सुरू झाला. बार्शी त्यातलं एक ठिकाण. एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून गदारोळ झाला आणि सरकारने असलं सगळं लसीकरण थांबवलं. १७,७२९ मुलींना लस सुरू झालेली, त्यातल्या कित्येकींना एकच डोस मिळालेला. अभ्यास फसला म्हणून फाइल बंद करता आली असती. केली नाही. त्या मुलींचा माग ठेवला. एकच डोस मिळालेल्या मुलीही जवळपास तेवढ्याच सुरक्षित आहेत हे २०२१ मध्ये छापून आलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं म्हटलं. त्याला आधार म्हणून जे अभ्यास धरले गेले त्यात हा आहे.

आता यातली गोम बघा. तपासणीचा नमुना घ्यायचा तो लग्नानंतर दीड वर्षाने, नाहीतर पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी. म्हणजे पोरीचं लग्न कधी झालं, ती कुठल्या गावाला दिली, बाळंतपणाला माहेरी कधी येणार, हे कुणाला तरी माहीत पाहिजे. ते लियाँच्या कॉम्प्युटरला माहीत नसतं. गावात येणं-जाणं असलेल्या माणसाला माहीत असतं.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर: माणूस. तोही टिकणारा. आपल्याकडे प्रकल्पावर माणूस घेतात अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. पहिले चार महिने त्याला शिकण्यात जातात, मधले चार तो काम करतो, शेवटचे तीन दुसरी नोकरी शोधतो. त्याच्या डोक्यात जी गावं बसलेली असतात ती त्याच्याबरोबर जातात. मग पुढच्या प्रकल्पाला नवा माणूस, पुन्हा श्रीगणेशा. कॉम्प्युटर जुना असला तरी चालेल. नोंदणीचं कॅनरेग सॉफ्टवेअर आयएआरसी फुकट देते. माणूस फुकट मिळत नाही.

---

ब्लॉक_कटर

हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन, म्हणजे बायोप्सीचे तुकडे कापून तपासणीला तयार करणारा. वरच्या काकांना रामराम. गावातलं तुम्ही सांगितलंत, टेबलावरचं मी सांगतो.

मॅडम, रेकॉर्ड रूमच्या नादी लागू नका, तिथे फाइल सापडेल तर शपथ. लॅबचं बायोप्सी रजिस्टर धरा. तारीख, नंबर, नाव, वय, कुठून आला, कुणी पाठवला, काय निघालं, सगळं एका ओळीत. कुठल्याही लॅबमध्ये हे रजिस्टर जिवापाड जपलेलं असतं, कारण पेशंट स्लाइड मागायला कधीही उगवतो.

पण एक रडगाणं. तालुक्यातून तुकडा येतो तो इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत, सलाइनमध्ये. का? तुकडा टिकवायचं फॉर्मलिन संपलं होतं. किंवा फॉर्मलिन आहे, पण तुकड्याच्या निम्म्याने. तुकड्याच्या दहापट पाहिजे, ते सुद्धा १० टक्क्यांचं, बफर केलेलं. बाटलीचं तोंड इतकं अरुंद की तुकडा आत जाताना मऊ होता, आता कडक झालाय, बाहेर निघेना. बाटली फोडावी लागते. असा तुकडा मी कापतो, स्लाइड करतो, पॅथॉलॉजिस्ट कर्करोग आहे-नाही इतकं कसंबसं सांगतात. उद्या कुणी म्हणालं यातून डीएनए काढायचाय, विषाणू बघायचाय, तर विसरा. लोक म्हणतात छोट्या गावात जनुकीय संशोधन होत नाही. अहो, ते तुकडा बाटलीत पडला त्याच मिनिटाला बुडालेलं असतं.

आणि ब्लॉक. तुकडा मेणात बसवून केलेले हे ब्लॉक वर्षानुवर्षं जपायचे असतात, सगळा खजिना तोच. मी अशी एक लॅब पाहिलीय (नाव सांगणार नाही) जिथे ब्लॉक वरच्या पत्र्याच्या खोलीत, बुटांच्या खोक्यात. सोलापूरचा मे महिना. ब्लॉक मऊ पडून एकमेकांना चिकटलेले, नंबराच्या चिठ्ठ्या सुटून खाली पडलेल्या. कुठला तुकडा कुणाचा, देवाला माहीत. तिथे एक स्टीलचं कपाट आणि तळमजल्यावरची गार खोली, एवढंच पाहिजे होतं.

पैसे आलेच तर रुंद तोंडाच्या बाटल्या घ्या, त्यात फॉर्मलिन आधीच मोजून भरा, आणि तुम्हाला पेशंट पाठवणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना वाटा.

---

आकडेमोड्या

मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात जैवसंख्याशास्त्राचं काम. तांत्रिक बाजू मी घेतो.

मॅडम, तुमचा प्रश्न चांगला आहे कारण तो छोटा आहे. चार तारखा धरा: पहिलं लक्षण जाणवलं ती, पहिल्यांदा कुणाला दाखवलं ती, निदानाची, आणि उपचार सुरू झाले ती. या तारखांच्या व्याख्या कर्करोगाच्या निदानातला उशीर कसा मोजावा यावरच्या २०१२ च्या आर्हस निवेदनात दिल्या आहेत, त्याच वापरा, स्वतःच्या काढू नका. नाहीतर तुमचे आकडे कुणाशी ताडून बघता येणार नाहीत. शेवटच्या दोन तारखा कागदावर मिळतील. बायोप्सीची रजिस्टरात, मंजुरीची आणि ऑपरेशनची योजनेच्या फाइलीत. पहिल्या दोन पेशंटच्या आठवणीत असतात. 'फोड कधी आला' विचारलं तर 'लई दिवस झाले' मिळेल. सणावरून विचारा: गड्ड्याच्या यात्रेआधी की नंतर? पंचमीला होता का? दिवसापर्यंत नाही, पण महिन्यापर्यंत पोचता येतं, आणि महिना पुरतो. जिथे अंदाज आहे तिथे 'अंदाज' असा वेगळा रकाना ठेवा. रिकामी जागा रिकामीच सोडा, मनाने भरू नका.

परवानगीचं: स्वतःची नीती समिती नसेल तर करार करून दुसऱ्या नोंदणीकृत समितीकडे जाता येतं, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे. जुन्या नोंदींपुरतं काम असेल तर संमतीतून सूटही मागता येते, पण ती समितीने द्यायची, आपण गृहीत धरायची नाही. मदतीला एमबीबीएसची हुशार पोरं हवी असतील तर मेडिकल कॉलेजातल्या कुणाला तरी बरोबर घ्या आणि आयसीएमआरच्या एसटीएस या विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या संशोधन योजनेखाली एखाद्याचा प्रस्ताव टाकायला लावा. पोराला विद्यावेतन, तुम्हाला हातभार.

"रिसर्च मुंबईला करू द्या" यावर मात्र बोलायलाच हवं. मुंबईतली टाटाची मंडळी आज जे संशोधन करतात त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते गरिबीतून सुचलेलं आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन, तेच जे दात काढताना देतात: भारतातली ११ केंद्रं, सुमारे १६०० बायका, निकाल २०२३ मध्ये आला. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्के झाल्या. किंवा डोक्या-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या डोसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. साध्या गोळ्यांच्या उपचाराला ते जोडल्यावर वर्षभर जगणारे १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के. हे औषध कमी मात्रेत चालेल का, हा प्रश्न औषध कंपनी कशाला विचारेल? तो ज्याला परवडत नाही त्याच्या दारातूनच येणार. पार्कचौकी, तुमच्या चुलत्यांना उपयोग झाला असता तो असल्या संशोधनाचा.

आता परांडा_रोड काकांना एक टोचणी. उस्मानाबादच्या अभ्यासाचं कौतुक मलाही आहे, पण ते ६४ मृत्यू ज्या चौथ्या गटातले, त्या बायकांची तपासणी झालीच नव्हती, आणि यावर पुढे देशात-परदेशात बराच वाद झाला. करणाऱ्यांचं म्हणणं, त्या वेळी गावात तपासणी मुळातच नव्हती, म्हणजे कुणाचं काही काढून घेतलं नाही. टीकाकारांचं म्हणणं, उपयोगी पडते हे माहीत असलेली गोष्ट एका गटातल्या गावांना द्यायची नाही हे श्रीमंत देशात कुणी चालवून घेतलं असतं का? मला दोन्ही बाजू कळतात, आणि आज तसा गट ठेवायला मी सही करणार नाही. साधनं कमी असली की परवानगी पटकन मिळते, माणसं नाही म्हणत नाहीत. तिथेच जास्त जपायला हवं.

सतराव्या नावाबद्दल: मोठ्या संस्थेशी जोडून घ्यायला हरकत नाही, पण सुरुवातीलाच लिहून घ्या की डेटाची एक पूर्ण प्रत सोलापुरात राहील आणि तुमच्या प्रश्नावरचा निबंध तुम्हीच लिहाल. नमुने गेल्यावर बोलायला जाल तर काही उरत नाही.

---

परांडा_रोड

टोचणी पोचली. आम्ही त्या गावांतही जायचो, आजाराची माहिती सांगायचो, तपासायला कुठे जायचं ते सांगायचो. पण सांगणं आणि तपासणं यात फरक आहे, तो तुम्ही दाखवलात ते बरं केलं.

---

विडीघरकुल

मी स्टाफ नर्स. आई विडी कामगार, राहायला कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत, दहा हजार घरांची ती. लहानपणापासून बघते, कॉलेजची पोरं-पोरी फॉर्म घेऊन येतात. तंबाखू किती वर्षं हाताळता, खोकला आहे का, पाठ दुखते का, उत्पन्न किती. आई सुपातल्या विडीवरची नजर न उचलता उत्तरं देते. एकदा एका संस्थेची माणसं आली, गालाच्या आतली बाजू घासून नमुना घेऊन गेली, रिपोर्ट देऊ म्हणाली. त्यानंतर आई दारात मोटारसायकल थांबली की मान वर करून बघायची. रिपोर्ट आला नाही. काही नव्हतं म्हणून आला नाही का हरवला म्हणून, ते पण कुणी सांगितलं नाही. आता कुणी फॉर्म घेऊन आलं की गल्लीतल्या बायका सरळ 'घरात कुणी नाही' म्हणतात, स्वतः दारात बसून.

म्हणून मॅडम, काही गोष्टी बोलते. सकाळी येऊ नका. सकाळी कारखान्यात माल द्यायची घाई असते, छाट, म्हणजे नापास विड्या, किती निघते त्यावर दिवस ठरतो. एक तास बोलायला बसवलं की शंभर-सव्वाशे विड्या गेल्या. त्याचे पैसे द्यायची सोय ठेवा, चहा-बिस्किट नको. फॉर्म मराठीत असतो आणि आमच्याकडे निम्म्या बायका तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. विचारणारा पुरुष मराठीत विचारतो, सुनेला अर्धं कळतं, ती सासूला तिसरंच सांगते, आणि सासू 'हो' म्हणते. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तो 'हो' पक्का बसतो.

आणि मिश्री लावता का, असं सासरच्यांसमोर विचारू नका. सगळ्या लावतात आणि सगळ्या नाही म्हणतात.

अजून एक. तोंड बघायचं तर बघा, पण काही सापडलं तर पुढे काय, हे आधी ठरवून या. सिव्हिलला कुठल्या दिवशी, कुणाला भेटायचं, रेशन कार्ड कुठलं लागेल, सोबत कोण येईल. नुसतं 'दवाखान्यात दाखवा' म्हणून निघून गेलात तर आमची बाई रात्रभर जागी आणि सकाळी परत विड्या वळायला.

---

पार्कचौकी

हे पटलं. रिपोर्टची वाट बघत बसवणं हे वाईटच. मशीनचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

---

पीएसएमवाली

सगळ्यांचे आभार. काही गोष्टी लगेच बदलल्या आहेत.

फाइलींऐवजी बायोप्सी रजिस्टरातून सुरुवात. पॅथॉलॉजीच्या मॅडम तयार आहेत, फक्त रजिस्टर खोलीबाहेर जाणार नाही म्हणाल्या, म्हणजे मीच तिथे जाऊन बसेन. तोंडाचे, नव्याने निदान झालेले पेशंट, चार तारखा, अंदाजाचा वेगळा रकाना. साहेबांना बार्शीचं १९८७ सांगितलं. ते बार्शीचेच निघाले, आणि त्यांना हे माहीत नव्हतं. सही झाली, पण वर "ओपीडी सांभाळून" असं लिहून. नीती समितीसाठी दुसऱ्या संस्थेला पत्र टाकलंय.

पैशांचं असं ठरवतेय की टॅब्लेट घ्यायचा बेत रद्द. त्यात एक अर्धवेळ माणूस बसेल, तेलुगू बोलणारी बाईच बघतेय. अकरा महिन्यांची ऑर्डर मलाही टाळता येईल असं वाटत नाही, ट्रस्टचा नियम आहे. पण तिला प्रकल्पावर न घेता रेकॉर्ड रूमच्या रिकाम्या जागेवर घेता येतं का, ते बघतेय. म्हणजे प्रकल्प संपला तरी ती राहील. ब्लॉक_कटर, बाटल्या कुठून घेता ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

विडीघरकुल, घरी जाऊन तोंड तपासण्याचा भाग मी पहिल्या टप्प्यातून काढून टाकलाय. आमच्याकडे बायोप्सीचा आणि पुढच्या उपचारांचा रस्ता पक्का झाल्याशिवाय वसाहतीत पाऊल ठेवणार नाही. एकच विचारते: पेशंटचा फोन बंद लागला तर त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं? आमच्या रजिस्टरातले निम्मे नंबर लागत नाहीत.

---

विडीघरकुल

नंबर घरातल्या पोराचा असतो आणि तो रिचार्जच्या ऑफरप्रमाणे सिम बदलतो. त्यापेक्षा कुठल्या कारखान्यात माल देते ते लिहून घ्या. बाई घर बदलते, फोन बदलतो, कारखाना सहसा बदलत नाही, कारण प्रॉव्हिडंट फंड तिथे असतो. दुसरं, गल्लीतल्या किराणा दुकानदाराचा नंबर घ्या. त्याच्याकडे उधारी असते, त्याला सगळ्यांचा पत्ता ठाऊक. पण त्याला आजाराचं सांगू नका, "दवाखान्यातून फोन होता, परत करा" एवढंच.

---

आकडेमोड्या

हे दोन रकाने फॉर्ममध्ये घाला, आणि नीती समितीच्या अर्जातही लिहा की शेजाऱ्याला किंवा दुकानदाराला फोन गेला तर नेमकं काय बोललं जाईल. समिती विचारणारच. संमतीपत्रात पेशंटची त्यासाठी वेगळी सही घ्या. तेलुगू संमतीपत्र करताना एकाने भाषांतर करायचं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मराठीत आणायचं, मग दोन्ही ताडायचे. दुसरा माणूस मिळत नसेल तर सांगा, सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातले माझे दोन वर्गमित्र आहेत, त्यातला एक शिक्षक आहे आणि सुट्टीत मोकळा असतो.

---

विडीघरकुल

परत मराठीत आणायचं काम मी करते. पण मे संपल्यावर, आता घरात लग्न आहे.